गुरुजींची कारणांची वही

वामन गुरुजी गैरहजर मुलांच्या घरी वही घेऊनच जायचे. आईबाप सांगतील ते कारण त्यांच्याच शब्दांत लिहायचे आणि मोठ्याने वाचून विचारायचे, "असंच म्हणालात ना? माझ्या पदरचं काही नाही."

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गुरुजींबद्दल लिहायला बसलो की माझी थोरली बहीण सुमनताई आठवते.

ती सातवीत, मी पाचवीत. ती शाळेत येईना म्हणून गुरुजी घरी आले. अप्पा ओट्यावर मेथी निवडत होते.

"डोनगावच्या बजारच्या दिशी जुड्या कोन बांधन गुरुजी? तुमी येता का?"

गुरुजी हसले. लिहिलं, वाचलं.

"हाव, असंच," अप्पा म्हणाले.

गुरुजींना ते कारण खरं वाटलं. हेडमास्तरांच्या मागे लागून त्यांनी शाळेची सुटी रविवारवरून बाजाराच्या दिवसावर आणली. मग उन्हातान्हाचे आमच्याकडे आले, अप्पांसमोर वही उघडली आणि त्या ओळीवर काट मारली. "हे कारण गेलं, अप्पा!"

ताई दोन आठवडे आली. पुन्हा घरी बसली. या वेळी गुरुजी दिसताच अप्पा मळ्याकडे निघाले. माय दाराआडून बोलली, "वर्गात आता हे येकलीच पोरगी. बाकीच्याइले घरी बसवलं. बाया मले इचारतात, तूच काऊन धाडून राह्यली?"

गुरुजींनी तेही वाचून दाखवलं, पण आवाज बारीक झाला होता. तिथून ते ताईच्या वर्गातल्या, घरी बसवलेल्या चारही पोरींच्या घरी गेले. मी सोबत होतो. चारही घरी एकच उत्तर मिळालं, "सुमन जात नाही, मंग आमचीले कशी धाडू?"

गुरुजींनी चारदा लिहिलं. काट कुठे मारावी, ते त्यांना कळेना. परीक्षा होऊन गेली.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा ताईनं चहा दिला आणि तिथंच उभी राहिली.

"गुरुजी, वहीत माह्यं कारन हाये का?"

"अप्पांचं आहे. मायचं आहे."

"माह्यं?"

गुरुजींनी गडबडीनं पेन काढलं. "सांग बेटा."

ताईनं रिकामी कपबशी उचलली. "मले काहीच कारन नोतं, गुरुजी."

त्यांनी ते लिहिलं. वाचून दाखवायला तोंड उघडलं, आणि वही मिटली.