पांढरी मनगटपट्टी

सोनेरी, रुपेरी आणि पांढऱ्या मनगटपट्ट्यांची कल्पना माझीच होती. मी तेव्हा लातूरच्या एका इव्हेंट कंपनीत होते आणि नांदेडच्या एका साडीच्या दुकानाचा ग्राहक मेळावा आमच्याकडे होता. वर्षभरात भरपूर खरेदी करणाऱ्या बायकांना सोनेरी पट्टी: पुढचे सोफे, केशराचं दूध, नवा माल सगळ्यांच्या आधी बघायचा मान. रुपेरीला मधल्या खुर्च्या, पांढरीला दोरीमागच्या. दुकानाच्या शेठना मी पटवून दिलं होतं, "मागच्यांना पुढचं दिसलं पाहिजे. मग त्याच पुढच्या वर्षी जास्त घेतील." शेठ खूश.

यादी कॉम्प्युटरनं काढली. माझी आई पांढऱ्यात आहे, हे मी बघितलंसुद्धा नाही.

आई मुखेडकडं सरकारी नर्स होती. दुकान एका शटरचं होतं तेव्हापासून ती तिथलीच गिऱ्हाईक. आम्हा बहिणींच्या लग्नाचा बस्ता तिथलाच. गावोगावच्या बायकांना एसटीत बसवून तीच तिथं न्यायची. शेठचे वडील म्हणायचे, "सिस्टरबाई, आधी पाणी प्या," आणि मग साड्या उलगडायचे. निवृत्तीनंतर तिची खरेदी कमी झाली, एवढंच.

मेळाव्याला ती शेजारच्या तिघींना घेऊन आली. दारात चौघींच्या हाताला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. त्यांचा अर्थ कुणी सांगितला नाही, म्हणून ती सरळ पुढच्या सोफ्यावर जाऊन बसली. मी सकाळीच हॉलमध्ये कामाला ठेवलेल्या मुलींना बजावलं होतं, "पुढं पांढरी पट्टी दिसली की उठवायचं. कुणी का असेना."

त्यातल्या एकीनं तसंच केलं. "मावशी, हात दाखवा. ही जागा तुमची नाही."

आमच्या घराला हे वाक्य नवीन नव्हतं. बौद्ध झाल्यावरसुद्धा आजीला गावच्या कार्यक्रमात कितीदा तरी असंच उठवलं होतं. आई शिकली, नोकरीला लागली, ताठ मानेनं जगली ती त्या वाक्यापासून लांब जायला. आणि भरल्या हॉलमध्ये, लाऊडस्पीकरवर सनई चालू असताना, ते तिला पुन्हा ऐकवलं कुणी? तिच्या शिकलेल्या लेकीनं.

मी धावत गेले. आई उठून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. माझी नोकरी जाऊ नये म्हणून!

मी शेठना गाठलं. "ती माझी आई आहे."

"अहो, मग आधी सांगायचं ना! सोनेरी बांधून टाका."

काय घडलं ते त्यांना कळलंच नव्हतं. आणि मी तरी काय केलं? मुकाट्यानं सोनेरी पट्टी घेऊन आईकडं गेले.

"ह्या तिघींना बी हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे. तू तुझं काम कर."

तेव्हा मी दोरी सोडली. गाठ निघेना, म्हणून हिसडली. दोरीचा खांबच आडवा झाला. "या पुढं, सगळ्याजणी या," मी ओरडले. थोड्या आल्या, पुष्कळशा घाबरून बसूनच राहिल्या. सोफ्यावरच्या एका बाईनं नाक मुरडून पर्स जवळ ओढली. शेठ सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसले, "डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलं होतं," मी म्हणाले, "ह्या पट्ट्यांची कल्पना काढली तेव्हा."

आई पुढं आली नाही. चौघी न जेवताच निघून गेल्या. नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली. आमचे साहेब हसून म्हणाले, "एवढ्याशा खुर्चीचं काय घेऊन बसलात?" त्यांना समजावायला माझ्याकडं शब्द होते, पण मी ते वाया घालवले नाहीत.

आई आता देगलूरला साड्या घेते. त्या दिवसाबद्दल तिनं मला एका शब्दानं विचारलेलं नाही. लोक म्हणतात, दोरी सोडून तू चांगलं केलंस. पण ती बांधली कुणी होती, हे मला विसरता येत नाही.