लेकीच्या शिवेतलं पाणी

माझ्या सासरचं गाव सरकारी कागदावर मेलेलं होतं. आम्ही तिथं दळत होतो, कांडत होतो, भांडत होतो, बारशी जेवत होतो, पण तहसिलीच्या दप्तरात गावाच्या नावापुढं एकच शब्द लिहिलेला होता: बेचिराग. म्हणजे उजाड, वस्ती नसलेलं. झालं होतं असं, की प्लेगच्या दिवसांत सगळं गाव घरांना कड्या लावून शेतांत झोपड्या टाकून राहिलं. नेमके तेव्हाच मोजणीवाले आले. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसलं नाही, म्हणून तेवढं लिहून निघून गेले. पुढं माणसं घरी परतली, पण कागद दुरुस्त करायला कोणी गेलं नाही. कागदानं काय पोट भरतं का, असा आमच्या गावाचा कारभार.

मी लग्न होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. तिसऱ्या वर्षी कळलं, की नवा कानून निघाला आहे. गावांच्या हद्दी नव्यानं ठरवायच्या आणि बेचिराग गावं शेजारच्या गावात मिसळून टाकायची. आमच्या शेजारचं मोठं गाव म्हणजे माझं माहेर, आणि तिथले पाटील म्हणजे माझे वडील, आबा. घ्या! सगळ्या मुलखात सरकारला हीच दोन गावं सापडली.

मिसळणं म्हणजे नुसतं नाव जाणं नव्हतं. गायरान जाणार होतं. पोळ्याला आमचे बैल दुसऱ्याच्या वेशीत सगळ्यांच्या मागं उभे राहणार होते. आणि माझ्याकडं बायका अशा बघायच्या, जशी मीच माहेराहून तो कानून ओटीत घालून आणला होता.

मामंजी अंबडला तहसिलीत जाऊन अर्ज देऊन आले. जवाब आला, की गिरदावर, म्हणजे महसुलाची तपासणी करणारे साहेब, येऊन वस्ती बघतील, पण गाव वेगळं ठेवायचं असेल तर चारी बाजूंची शिव दाखवा. आता शिवेचे जुने दगड होते कुठं? कोणी पायरीला बसवले, कोणी धुण्याला नेले. पुरुष पारावर तीन दिवस भांडले. एक म्हणे लिंबापर्यंत, दुसरा म्हणे चिंचेपर्यंत. चौथ्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून कडाडल्या, "उगं गळे काढून राह्यलेत! शिव आमाला इचारा की!"

त्यांचं बराबर होतं. आमच्याकडं नवरीची गाडी शिवेवर थांबते. नवरी खाली उतरते, नारळ फुटतो, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. माहेरची माणसं तिथूनच मागं फिरतात आणि नवरी उजवं पाऊल पुढं टाकते. ती जागा कोणती बाई विसरेल? एखादी नवऱ्याला विसरेल, पण ती जागा नाही. आणि गावातल्या सुना तर चारी दिशांनी आलेल्या.

गिरदावर घोडीवरून आला. म्हातारा, चष्मा लावणारा, बोलायला गोड. बायका शिव दाखवणार हे ऐकून आधी हसला. मग आत्याबाईंनी त्याला वाटूरच्या वाटेवर नेलं आणि एका खडकाच्या चिरेवर पाय ठेवला. "इथं उतरल्ते मी. इथंच माजी माय रडल्ती." गिरदावरनं तिथं चुना टाकला. मग एक अंतरवालीकडून आलेली, मग दोघी जावा ओढ्याच्या वरच्या अंगानं आलेल्या. दोघींना वेगवेगळं विचारलं, तरी दोघींनी एकच टेकाड दाखवलं. गिरदावरचं हसू गेलं आणि कागद बाहेर आला. काय सांगू, त्या दिवशी आम्ही बायका रस्त्यानं अशा चाललो होतो, जशी कचेरीच आमची होती!

राहिली उगवतीची बाजू. त्या बाजूनं आलेली, जिवंत असलेली सून एकच. मी.

तिथं आबा चार माणसं घेऊन उभे होते. त्यांचं म्हणणं, त्यांच्या गावाची शिव थेट आमच्या ओढ्यापर्यंत. मला ठाऊक होतं, शिव त्याच्या बरीच पलीकडं, वाकड्या बाभळीपाशी होती. मधलं सगळं गायरान आणि त्यातला आड आमचा. गिरदावर म्हणाला, "बाई, तुम्ही बोला. बिलकुल घाबरू नका."

मी तोंडाळ म्हणून दोन्ही गावांत नावाजलेली, पण समोर बाप. खरं बोलावं तर माहेर तुटतं, गप्प बसावं तर हे गाव बुडतं आणि जन्मभर मला नाव ठेवतं. मी मान खाली घालून उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. आबा सकाळपासून तसेच उभे, ओठ सुकलेले. मला ते बघवेना. आडाजवळ दोर आणि लोटा होता. मी पाणी शेंदलं आणि आबांपुढं धरलं.

लोक म्हणतात, मी तो डाव टाकला. देवाशप्पथ, न्हाई. बाप तहानलेला दिसला, एवढंच.

आबा एकदम मागं सरले. "खुळी का काय तू? लेकीच्या शिवेतलं पाणी पितो व्हय मी?"

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. आबा तर कडक. त्यांनी आमच्या गावाच्या हद्दीतला पाण्याचा थेंब सोडला होता. मला बघायला आले की आपली चामड्याची पखाल गाडीला बांधून आणायचे.

त्यांचे शब्द सगळ्यांनी ऐकले, पण अर्थ अजून कोणाच्या ध्यानात आला नव्हता. गिरदावर कागदात बघत होता. मी तेव्हाही गप्प बसू शकले असते. नाही बसले. पदर नीट केला आणि म्हणाले, "आबा, हा आड तुमच्या शिवेत असंल तर पाणी तुमचंच हाय. मंग प्या की."

आबांनी लोट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्याबरोबरचा एक जण कानाशी लागला, "पाटील, प्या एक घोट. काय हुतं?" आबांनी त्याचा हात झटकला. एक घोट घेतला असता, तर गायरान त्यांचं झालं असतं. पण तो माणूस खोटं बोलू शकत होता, पिऊ शकत नव्हता.

ते चालत गेले, वाकड्या बाभळीपर्यंत. पलीकडं जाऊन उभे राहिले आणि गिरदावरला म्हणाले, "साहेब, लिवा. हितनं मी मागं फिरल्तो." मग स्वतःच्या पखालीतलं पाणी घटाघटा प्यायले.

आत्याबाईंनी माझी अलाबला घेतली, बोटं कडाकड मोडली. आमचं गाव कागदावर जिवंत झालं. पण मी त्या रात्री जेवले नाही. पंचमीला सगळ्या सुनांना न्यायला मुराळी आले, माझ्या दारात गाडी आली नाही. मी झोका बांधलाच नाही. रडले, आणि रडताना रागही येत होता, की मी खोटं काय बोलले?

मला दिवस गेले. सातव्या महिन्यात गाडी आली आणि हाकायला आबा स्वतः. बाभळीपाशी सरकारी दगड बसला होता. गाडी त्याच्या पलीकडं, आपल्याच शिवेत थांबवून त्यांनी निरोप धाडला, "लेकीला म्हणा, दगड तिनं रवलाय, तिनंच वलांडून यावं." मी पोटाला धरून चालत गेले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून दोन्ही गावांना ऐकू जाईल एवढी रडले.

मुलगी झाली. सव्वा महिन्यानं आबा मला सोडायला आले. मला वाटलं, दगडापाशी मागं फिरतील. त्यांनी गाडी तशीच पुढं काढली, थेट आडापर्यंत. खाली उतरले, नात कडेवर घेतली आणि म्हणाले, "आता दे पाणी."

मी शेंदलं. आबांनी लोटा एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या आणि मोठ्यानं, गुराख्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "गोड हाय गं तुमच्या गावाचं पाणी."