शाळेची कमान कुणाची

आमच्या गावच्या शाळेची कमान माझ्या अब्बांनी बांधली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतः कधी सांगायचे नाहीत.

अब्बा गवंडी. बीबी या बाजाराच्या गावाच्या आसपासच्या खेड्यांत त्यांच्या हातची घरं कितीतरी. बीटी कपाशी नवी नवी आली आणि पहिले हंगाम बरे गेले, तेव्हा गावानं शाळेला कमान बांधायचं ठरवलं. कुणी विटा दिल्या, कुणी वाळू ओढली, बायांनी पाणी मारलं. मजुरी कुणीच घेतली नाही. नकाशाही नव्हता, अब्बांनी अंगणात कोळशानं रेघा ओढल्या आणि कामाला लागले. कमानीच्या डोक्यावर त्यांनी सिमेंटचं, कापूस फुटलेलं बोंड बसवलं. मनासारखं होईना म्हणून मोडायचे, पुन्हा करायचे. अम्मी म्हणायची, खरी कपाशी याच्या आधी फुटेल.

पुढे बोंडअळी आली. त्याच बीटीच्या बोंडात अळ्या निघू लागल्या. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला. शेत पिकलं नाही की घरं बांधणार कोण? अब्बांची थापी कोपऱ्यात पडून होती.

नेमक्या त्याच वर्षी बीबीच्या बाजारात, बियाण्याच्या दुकानावर मोठं पोस्टर लागलं. त्यावर आमची कमान, बोंडासकट. खाली लिहिलेलं : ‘आमच्या बियाण्यानं गाव उभं केलं.’ मी तेव्हा दहावीत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर बाजारात दुकानदाराशी भांडले. तो शांतपणे म्हणाला, “कंपनीनं पाठवलं, पोरी. मले काय विचारतं?”

गावही चिडलं. सरपंच, चार मोठी माणसं आणि अब्बा काळीपिवळी जीपमध्ये बसून मेहकरला वकिलांकडे गेले. मीही हट्टानं घुसले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“इमारतीचा फोटो कुणीही काढावा, छापावा. कायद्यात तशी मोकळीक आहे.”

“म्हंजे कमान आमची अन् आमचाच हक्क नाही?” सरपंच म्हणाले.

“फोटोवर नाही. पण हुबेहूब अशीच कमान कुणी विटा-सिमेंटात बांधायला निघालं, तर त्याला आधीच अडवता येतं. तो हक्क ज्यानं ती रचली त्याचा. कुणी रचली?”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. अब्बा तिथे चपलांपाशी उकिडवे बसले होते. वकिलांनी उठून त्यांना खुर्ची दिली. “कायद्यानं ही तुमची कलाकृती, चाचा.”

अब्बा खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, “पुन्हा एकडाव सांगा, साहेब.”

परतताना सरपंच चिडवत होते, “आता शाळेत जायाले तिकीट लावता का, मिस्त्री?” अब्बा नुसते हसत होते. पोस्टर मात्र जागेवरच राहिलं, आणि त्यावरची ओळ मला काट्यासारखी सलत राहिली. कमान गावच्या घामाची, नाव बियाण्याचं.

वकील काय म्हणाले ते बाजारात पोचायला कितीसा वेळ लागणार! एक दिवस तोच दुकानदार आमच्या अंगणात हजर. त्याला नव्या गोदामाला तशीच कमान पाहिजे होती, तशाच बोंडाची. म्हणाला, “मजुरी सांगाल ते देतो. फक्त तुमचा होकार पाहिजे.”

हाताला काम नव्हतं. अम्मीनं आतून अब्बांकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं. अब्बांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा पाजला, आणि म्हणाले, “ते नाही, शेठ. ते शाळेची हाय. तुम्हाले दुसरी बांधून देतो, याच्यापरीस देखणी. पण एक काम करा लागते. पोस्टरवरचा फोटो राहू द्या, तो कोणी बी काढो. त्याच्याखालची ओळ तेवढी झाका.”

दुकानदारानं डोकं खाजवलं. कंपनीचा माणूस हंगामाशिवाय फिरकत नाही, असं स्वतःशीच पुटपुटला आणि कबूल झाला. झाकायची पट्टी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर मी कागद पसरला, ब्रश बुडवला आणि अब्बांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

“ते नको,” अब्बा म्हणाले. “गावानं बांधली, असं लिही.”

मी भडकले. वकिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की कमान यांची, आणि हे आपलं नाव आपल्याच हातानं पुसायला निघाले!

“अब्बा, कायद्यानं ती तुमची आहे.”

“माही हाय ना?” ते म्हणाले. “मंग मी सांगतो ते लिही.”