भिंतीवरच्या रेणुकाक्का

शाहूपुरीतल्या त्या खानावळीला कितीतरी वर्षं पाटीच नव्हती. तानाबाईची खानावळ म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा. नवरा पिराजी तान्हं पोर मागं ठेवून गेला, तेव्हा तिनं भाड्याच्या खोलीत चूल मांडली आणि त्या चुलीवरच अमरसिंहाला कॉलेजपर्यंत पोचवलं. बाई तोंडानं फटकळ. ताटात मटण टाकून कुणी उठला की दारातच अडवायची.

"पावणं, बोकड काय तुमच्या हौसंसाठी मेलं व्हय? बसा खाली!"

माणूस मुकाट बसून ताट पुसून खायचा. पुढच्या आठवड्यात आणखी चार जणांना घेऊन यायचा.

मग मुंबईचे सिरियलवाले आले. त्यांना खरीखुरी खानावळ हवी होती. लेखकानं तानाबाईला दिवसभर बोलतं केलं आणि तिच्या बोलण्यातून रेणुकाक्का उभी केली. विधवा, फटकळ, पण मायाळू खानावळवाली. ते काम एका गोऱ्यापान नटीला मिळालं. शूटिंगला तानाबाई आत खोकली की बाहेरून ओरड यायची, "मावशी, आवाज!" शेवटी तिला मागच्या बोळात खुर्ची टाकून दिली. रस्सा ढवळणारे हात जवळून घ्यायचे असले की तेवढं तिला बोलवत. पण भाजल्याचे डाग दिसायला लागले, तेव्हा तेही बंद झालं.

सिरियल चालली. लांबलांबून गाड्या यायला लागल्या. अमरसिंहानं दारावर मोठी पाटी लावली, 'रेणुकाक्कांची खानावळ'. तानाबाईला त्यानं सांगितलं, "आये, तू पुढं येत जाऊ नको. लोकांचा गोंधळ होतो."

वर्षाभरानं सिरियलमध्ये रेणुकाक्का मेली. शेवटच्या भागासाठी भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो लावला होता. मंडळी सामान बांधून गेली, फोटो तिथंच राहिला. अमरसिंहानं तो काढू दिला नाही. लोक त्याच्यापुढं उभं राहून सेल्फी घ्यायचे, आणि जेवताना हळहळायचे, "अक्का गेल्या आणि चवच गेली बघा." तो रस्सा तानाबाईनंच केलेला असायचा.

एका दुपारी वाढपी आला नव्हता म्हणून ती भाकरी घेऊन पुढं आली. सांगलीचं एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाईनं फोटोला हात जोडले, डोळे पुसले.

"तुम्ही त्यांच्याकडं कामाला होता का हो? देवमाणूस होती."

तानाबाईच्या हातातली परात टेबलावर आदळली.

"कोण देवमाणूस? ही खानावळ माझी हाय! मी अजून मेलो न्हाय की!"

ती बाकावर चढली आणि तिनं फोटो उपसून काढला. काच फुटून फरशीभर झाली. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. सांगलीच्या बाईला रडू फुटलं. कोपऱ्यातला एकजण ओरडला, "म्हातारे, मेलेल्या माणसाचा तरी मान ठेव!"

अमरसिंह गल्ल्यावरून उठून आला. तानाबाई खाली उतरली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता हा सांगेल, असं तिला वाटलं.

अमरसिंहानं सगळ्यांना हात जोडले. "माफ करा पावणं. जुनी कामवाली हाय. अक्का गेल्यापासनं डोक्यावर परिणाम झालाय."

सून स्नेहल सैपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. तानाबाई लेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग खाली बसून काचा वेचायला लागली. बोटातून रक्त आलं, तेव्हा सांगलीच्या बाईनं आपला रुमाल पुढं केला. "बिचारी," ती नवऱ्याला म्हणाली.

गर्दी ओसरल्यावर अमरसिंह फोटोला नवी काच बसवून घेऊन आला.

"गिऱ्हाइकापुढं तसं बोलावं लागतं, आये. मनाला लावून घेऊ नको. ये, स्टूल धर."

स्टुलाचा एक पाय आखूड होता. तो वर चढला, तसं ते डुगडुगलं. सोडून द्यावं, पडू दे, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिनं दोन्ही हातांनी ते आणखी घट्ट धरलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"सरळ हाय का बघ," वरून अमरसिंह म्हणाला.

तानाबाईनं मान वर केली.

"डाव्या अंगानं जरा वर घे."