आली की दिली

माझा धाकटा भाऊ न्हावी आहे, आणि त्याच्या दुकानात जायचं तर माणसानं डबा बांधूनच जावं. केस कापून झाले तरी हा गिऱ्हाइकाला सोडत नाही. डावा कल्ला बघ, उजवा कल्ला बघ, पुन्हा आरशात बघ. बाकावरची माणसं जांभया देऊन हैराण. हात मात्र सोन्याचे, म्हणून येतात बापडी.

हाच मनुष्य माझ्या फ्रिस्बीच्या संघात. कर्णधार मी, माझं नशीब! आमच्या खेळात तबकडी हातात आली की पळायचं नाही, आपल्या माणसाकडे फेकायची, आणि पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्यापैकी कुणी झेलली की गोल. समोरचा तोंडासमोर उभा राहून दहापर्यंत मोजतो. दहा झाले किंवा तबकडी खाली पडली, की ती त्यांची. पण दहाची वाट बघायचीच कशाला? आली की दिली, आली की दिली, म्हणजे त्यांना सावरायला सवडच मिळत नाही. सांगून सांगून माझा घसा बसला. आमचे साहेब आपले तबकडी धरून कल्ले जुळवत उभे. मी मोकळी असते तेव्हा टाकत नाहीत, आणि टाकतात तेव्हा माझ्या मानगुटीवर कुणीतरी बसलेलं असतं.

अंतिम सामन्याच्या सकाळी मी त्याला बजावलं, आज मोजणी पाचच्या पुढे गेली तर उद्यापासून तू संघाबाहेर. चेहरा पडला बिचाऱ्याचा. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, तरी या खेळासाठी दुकान लवकर बंद करतो. दुसरा कसला शौक नाही. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

सामना बरोबरीत आला. आता जो गोल करेल तो जिंकणार. तबकडी त्याच्याकडे आली आणि समोरच्यानं 'एक' म्हणायच्या आत यानं सोडलीसुद्धा, मी जिथे धावत पोचायला हवं होतं नेमकी पट्ट्याच्या त्या कोपऱ्यात. आणि मी? कमरेवर हात ठेवून दम खात होते. हा धरून बसणार, तेवढ्यात ओरडण्यापुरता श्वास घ्यावा, ही माझी रोजची सवय. तबकडी गवतावर पडली. त्यांनी उचलली, आणि आली की दिली, आली की दिली करत आमच्या डोळ्यांदेखत गोल केला.

मी तरीही त्याच्यावरच उखडले. टाकण्याआधी सांगायला काय होतं?

त्यानं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, मला पिऊ दिलं, आणि नेहमीसारखा सावकाश विचार करून म्हणाला, "ताई, मग उद्यापासून बाहेर कोण बसणार?"