डबा मागच्याकडे

"पुढं व्हा जी, डबा माह्यापाशी हाये."

आंबागडाच्या पायथ्याशी बाई हे म्हणायच्या आणि मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहायच्या. मी शिकवतो त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्या शेजारी राहणाऱ्या. रविवारी वरठीहून आम्ही पाच-सहा जण मोटारसायकलींवर तिकडे जायचो आणि सगळ्यांचं जेवण बाईंच्या पाठीवरच्या पिशवीत असायचं. अशा टोळीतून तुम्ही कधी चालला असाल, तर पुढे पळणारी माणसं तुम्हालाही माहीत असतील. इथे पळून उपयोग नव्हता. वर पोचून उपाशी बसायचं, एवढाच काय तो फायदा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला सोबत घेऊन बाई रमतगमत यायच्या, झाकणावर हात ठेवून विचारायच्या, "सारे आले का?" मगच लाखोरीच्या डाळीचे वडे बाहेर निघायचे. भुकेपोटी मी या पद्धतीला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत.

मग बाई शेतातल्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, घसरल्या. खुबा मोडला, नागपूरला ऑपरेशन करून नवा बसवला. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "पायाचं राहू द्या सर. गडावर कोण कोण जाऊन राहिले?"

खरं सांगायला जीभ रेटेना. बाईंशिवाय आम्ही एकदा-दोनदा गेलो होतो. प्रत्येकाचा डबा वेगळा. जो तो आपापल्या दगडावर जेवला आणि आपापला उतरला. पुढे कुणी कुणाला बोलावलंही नाही.

वर्ष उलटलं. डॉक्टरांनी सांभाळून चढायला हरकत नाही म्हटलं, तशी बाईंनी स्वतःच सगळ्यांना फोन केले. काठी घेऊन आल्या. त्यांना ओझं नको म्हणून मी गुपचूप डबा माझ्या पिशवीत टाकला. केवढं पुण्य केलं असं वाटत होतं मला.

बाकीचे पुढे गेले होते. अर्ध्या चढावर बाईंनी पिशवी चाचपली आणि दगडावर बसल्या.

"डबा काहून काढला, सर?"

"तुम्हाले जड होईल म्हणून, बाई."

"अन् आता माही वाट कायले पाहाल तुमी?"

आवाज हसरा होता, पण काठीवरची मूठ सैल होत नव्हती. वर्षभर त्यांना पायापेक्षा याचीच भीती वाटली होती: आपण मागे पडू आणि कुणी थांबणार नाही. मी डबा परत त्यांच्या पिशवीत ठेवला.

"आता व्हा पुढं," त्या म्हणाल्या.

मी एकच वळण पुढे राहून चाललो, मागे न बघण्याचं नाटक करत. वर सगळे गडाच्या दरवाज्याच्या सावलीत बसले होते. पोटात कावळे ओरडत होते, पण कुणी कुरकुरलं नाही. शेवटचं वळण चढायला बाईंना बराच वेळ लागला; मग काठीचा आवाज जवळ आला आणि बाईंचं पांढरं डोकं दिसलं. इतकं हायसं मला ऑपरेशन पार पडल्याचं ऐकूनही वाटलं नव्हतं.

बाई टेकल्या. डबा मांडीवर घेतला आणि झाकणावर हात ठेवून सवयीने विचारलं, "सारे आले का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"आता आले, बाई," मी म्हणालो. "उघडा."