तिसऱ्या गिअरचा आकडा

सून चांगली निघाली की सासरचे लोक तिच्या हाताच्या चवीचं कौतुक करतात. उस्ताद कौतुक करायचे ते आपल्या सुनेच्या लॅपटॉपचं, आणि तेही ती समोर नसताना. तोंडावर मात्र ते तिला "लॅपटॉपवाली" म्हणत. त्यात लाड किती आणि टोमणा किती, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला नीट कळलं नव्हतं.

गॅरेज उस्तादांचं, राहत्या घराच्या खालीच. जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, मधोमध खड्डा, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराची काळी आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला पाना गायब आहे ते आरडाओरडा न करता कळावं. त्यांच्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गाड्यांचा गंध नव्हता. तो दातांचा डॉक्टर झाला. "तो उघड्या तोंडात डोकं घालतो, मी उघड्या बॉनेटमध्ये," उस्ताद म्हणायचे, "फरक एवढाच की माझं गिऱ्हाईक बोंबलत नाही." सून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. एकदा कुठल्याशा गाडीची जळकी वायर बघायला म्हणून ती जिना उतरून खाली आली, आणि मग रोजच उतरायला लागली. गाड्यांच्या कॉम्प्युटरचं सगळं काम हळूहळू तिच्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर तिने ते आनंदाने पडू दिलं.

या गॅरेजचा एक शिरस्ता होता. दुरुस्त झालेली कुठलीही गाडी उस्तादांनी स्वतः चालवल्याशिवाय मालकाच्या हाती जात नसे. काच खाली, मान किंचित तिरकी, आणि कान इंजिनाकडे. गिऱ्हाइकं "गाडी झाली का?" असं विचारतच नसत. विचारत ते "उस्तादांनी चालवली का?" हो म्हटलं की किल्ली घेऊन चालू पडत. गॅरेजची सगळी इभ्रत त्या एका होकारावर उभी होती.

अशात शिंप्याची गाडी आली. हा शिंपी आठवडाभर दुसऱ्यांच्या कपड्यांना टाके घालायचा आणि सुट्टीच्या दिवशी घाटाच्या शर्यतीत उतरायचा. गाडी जुनी, दोन दारांची, पण तिच्यात त्याने ताकद वाढवणारा टर्बो बसवून घेतला होता आणि इंजिन सांभाळणारा मूळ कॉम्प्युटर काढून बाहेरून आणलेला नवा लावला होता. त्याची मागणी सरळ होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताकद आवरती ठेवायची, नाहीतर चाकं जागच्या जागी गरगरतात. तिसऱ्यापासून पुढे सगळी सोडायची. आता हे करायचं तर गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे हे कॉम्प्युटरला कळायला हवं, आणि त्या म्हाताऱ्या गिअरबॉक्सला ते सांगणारा सेन्सरच नव्हता.

त्यावर तोड होती. चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे किती फेरे होतात, याचा प्रत्येक गिअरचा आकडा वेगळा असतो आणि तो बदलत नाही. एकाने प्रत्येक गिअरमध्ये गाडी एकसारखी चालवायची, दुसऱ्याने बाजूला बसून आकडा टिपायचा, तो कॉम्प्युटरला शिकवायचा आणि थोडंसं इकडेतिकडे चालेल म्हणून सांगायचं. की झालं. चालवायला अर्थातच उस्ताद बसले.

पहिला गिअर शहाण्यासारखा वागला. दुसराही. तिसऱ्याला मात्र आकडा एका जागी बसेना. उस्तादांनी जरा ताकद लावली की तो वर सरकायचा, रेंगाळायचा, मनात आलं की खाली यायचा. चौथ्याचं तर विचारूच नका.

"बाबा, क्लच घसरतोय. इंजिन फिरतं तेवढं चाकांना पोचत नाही," ती म्हणाली.

"क्लच ठणठणीत आहे. तुझं यंत्र थापा मारतंय," उस्ताद म्हणाले.

दोघंही हट्टी. आपलंच खरं करायचं म्हणून तिने गिअरबॉक्स उतरवला. क्लचची प्लेट घासून गुळगुळीत झालेली दिसली तेव्हा तिने ती सासऱ्यांच्या नाकासमोर धरली. नवी प्लेट घातली, सगळं पुन्हा जोडलं, आणि तिसऱ्यात आकडा पुन्हा तस्साच नाचला. उस्तादांनी जुनी प्लेट उचलून भंगाराच्या डब्यात टाकली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग उस्ताद एका आजारी नातेवाइकाला बघायला परगावी गेले. ती एकटीच गाडी घेऊन बाहेर पडली, लॅपटॉप शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून. तिसरा टाकला, ताकद लावली. परत येऊन नोंद उघडली तर आकड्याची रेघ आखल्यासारखी सरळ. चौथ्यातही तेच. गाडी तीच, रस्ता तोच, सेन्सरही तेच. वेगळा होता तो फक्त चालवणारा.

उस्ताद परतल्यावर तिने काहीतरी निमित्त काढून त्यांना पुन्हा गाडीत बसवलं. या वेळी तिने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. बसताना त्यांनी डाव्या पायातला बूट हळूच काढून ठेवला. तिसरा गिअर पडला, आणि तो पाय क्लचवरून खाली आलाच नाही. तिथेच राहिला, अलगद, नाडी बघायला ठेवलेल्या बोटांसारखा. तेवढ्या दाबानेच क्लच अर्धवट सुटत होता आणि आकडा नाचत होता. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना ज्यांनी दारातून पिटाळलं होतं, ते हे उस्ताद.

ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या खिशातले सगळे पैसे मी काढून घेतलेत."

"हं," उस्ताद रस्त्याकडे बघत म्हणाले, "बरी चालतेय आता."

आपण किती दिवस या माणसाशी वाद घालत होतो आणि त्याला त्यातलं किती पोचत होतं, कोण जाणे.

गॅरेजमध्ये आल्यावर तिने शटर अर्धं ओढलं आणि दोन्ही रेघा त्यांच्यासमोर ठेवल्या, त्यांची आणि तिची. मग अगदी समोर बसून सावकाश विचारलं, "कधीपासून?"

उस्तादांनी आपल्या रेघेवरून बोट फिरवलं. "एकदम नाही गेलं गं. आधी पाखरं गेली, मग व्हॉल्व्हची टिकटिक गेली. एकदा चुकून क्लचवर पाय राहिला तर इंजिनाची थरथर पायात आली. नीट कळत होतं सगळं. म्हटलं, असंच चालवू."

"आईंना माहीत आहे?"

"तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही. लग्न झाल्यापासून तिचा तोच समज आहे, बरा आहे तो."

तिला हसू आलं आणि रडूही. कानाचं यंत्र घेऊ म्हणाली, तर ते म्हणाले, "घेऊ की. पण लोकांना दिसेल. बहिऱ्या मेस्त्रीकडे कोण गाडी आणणार? आणि मी इथे बसून करू काय?" शिंप्याला काय सांगणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही चालवली म्हणून सांगेन. चालवलीच आहे की." उस्ताद भिंतीवरचे पाने जागच्या जागी लावायला लागले.

तिने स्वतःचे आकडे कॉम्प्युटरला दिले. डॅशबोर्डवरच्या छोट्या चौकटीत गिअरचा क्रमांक आता मुकाट्याने बरोबर येऊ लागला. शेवटची फेरीही तिनेच मारली. उस्ताद दारात स्टुलावर बसून होते.

शिंपी आला तो घाईत. चाकावर हात फिरवला, चौकट बघितली, खूश झाला, आणि सवयीने सुनेला विचारलं, "उस्तादांनी चालवली ना?"

तिने तोंड उघडलं. खोटं अगदी जिभेवर तयार होतं.

"नाही," उस्ताद स्टुलावरून उठत म्हणाले. प्रश्न त्यांना ऐकू गेला नव्हता. आयुष्यभर तोच प्रश्न विचारणारी तोंडं पाहिली होती, ओठांवरून ओळखला. "मी चालवली तेव्हा आकडा चुकत होता. मला ऐकू येत नाही आता. हिने चालवली आहे."

आवाज किती मोठा झाला ते त्यांचं त्यांना समजलं नाही. शेजारच्या टायरवाल्याने हातातलं काम थांबवून इकडे पाहिलं. वरच्या खिडकीत सासूबाई आल्या.

शिंप्याने उस्तादांकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती जागची हलली नाही. तिला त्या माणसाचा इतका अभिमान वाटत होता की डोळे पुसायलाही हात उचलवेना. शिंप्याने तिच्यासमोर हात पसरला, तिने किल्ली दिली, आणि तो गाडीत बसून निघून गेला.